दिंडीपासून माजघरापर्यंत

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुक गावाजवळ कुकडी नदीने आपला काठ खोल कापला आहे. त्या दरडीत जमिनीचे थर उघडे पडले आहेत. तळाशी काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा. त्याच्यावर वाळू आणि गोटे, चुनखडीचे खडे, पिवळट गाळ आणि मध्येच फिकट रंगाची राख. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या स्फोटातली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात, आणि तिच्या वयावरून भरपूर वादही झाले आहेत. राखेबरोबर अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडल्यामुळे हे छोटं गाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत जाऊन बसलं.

जुन्या काळच्या गवंड्याला याच दरडीत दुसरंच काही दिसलं असतं. जोत्याला दगड, चुन्याला खडे, दर्जा भरायला वाळू आणि भिंतीला माती, असं एका घराचं निम्मं सामान तिथे रचून ठेवलेलं आहे. उरलेलं निम्मं, म्हणजे लाकूड, पश्चिमेकडच्या डोंगरांतून येई. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत पाटलांच्या गढ्या, देशमुखांचे आणि सावकारांचे वाडे या सामानातून उभे राहिले. 

मराठी मुलखात असे वाडे बांधले जात होते त्याच शतकांत इंग्लंडमधले उमराव आपापल्या जहागिरीत प्रचंड हवेल्या उभारत होते. त्यांना तिकडे कंट्री हाउस म्हणतात. दगड निराळा, हवा निराळी, माणसं निराळी. पण दोन्हीकडच्या घरधन्यासमोर प्रश्न एकच होता: दारात आलेल्या माणसाला कुठवर आत येऊ द्यायचं? शेताचा सारा भरायला आलेला कुळवाडी, कर्ज मागायला आलेला शेजारी, सरकारी अंमलदार, व्याही, घरची सून, पाणी भरणारी बाई, या प्रत्येकाची हद्द घरात ठरलेली असे. मोठ्या घराचा नकाशा हा त्या हद्दींचाच आराखडा असतो, आणि तो वाचता आला की घरातली माणसं गेल्यानंतरही त्यांचे परस्परांशी असलेले संबंध दिसायला लागतात.

दगड, चुना, सागवान

वाड्याची सुरुवात जोत्यापासून होते. घडीव काळ्या दगडांचं जोतं कमरेइतकं, काही ठिकाणी पुरुषभर उंच असे. पावसाचं पाणी, वाळवी आणि चोर या तिघांनाही ते थोपवी. जोत्यावर दगडाची किंवा पातळ भाजक्या विटांची भिंत, आणि आतल्या बाजूला मातीची जाड भिंत. ही जाडी उन्हाळ्यात उपयोगी पडे; दुपारची धग आतल्या खोलीपर्यंत पोचायलाच संध्याकाळ होई. भिंतीच्या जाडीतच कोनाडे, दिव्यासाठी दिवळ्या, धान्यासाठी बळदं, आणि कित्येकदा अख्खा जिना बसवलेला असे.

चुना तयार करणं हे वेळखाऊ काम होतं. भट्टीत भाजलेली चुनखडी पाण्यात विरवायची, वाळू मिसळायची आणि बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाच्या घाणीत मळत राहायची. चुना चिवट व्हावा म्हणून त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. हिरडा तर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याचं खास पीक. भीमाशंकरच्या बाजूची महादेव कोळी कुटुंबं आजही रानातून तो गोळा करून विकतात.

लाकडाबाबतीत या भागाचा लौकिक पुण्यापर्यंत होता. पहिल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी केली, तेव्हा सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून आणल्याचं सांगितलं जातं. दोन वर्षांनी, 22 जानेवारी 1732 रोजी, वास्तुशांत झाली. खर्च आला 16,110 रुपये.

वाड्याचा सगळा भार लाकडी सांगाड्यावर असतो, भिंती बऱ्याच अंशी फक्त आडोसा देतात. एक खांब नीट पाहिला तरी ही रीत कळते. खांब थेट जमिनीत रोवलेला नसतो. त्याच्याखाली तळखडा असतो, म्हणजे चौरस घडीव दगड, त्यामुळे ओल लाकडात चढत नाही. तळखड्याच्या वर खांबाचा चौकोनी पाय, मग निमुळता होत गेलेला सुरूच्या झाडाच्या आकाराचा देह, आणि माथ्यावर केळफुलाची नक्षी. माथ्याच्या दोन्ही अंगांना कोरीव टेकू, टेकूंवर तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर फळ्या. हा झाला कडीपाट. त्याच्यावर मातीचा थर चोपून वरच्या मजल्याची जमीन होते. जोड सगळे खाच आणि कुसू यांचे, त्यामुळे खिळ्यांची फारशी गरज पडत नाही. म्हणूनच असा सांगाडा सुटा करता येतो, दुसरीकडे नेऊन पुन्हा उभा करता येतो, आणि दुर्दैवाने तुकड्यातुकड्यांनी विकताही येतो.

लाकडाचा शत्रू आग. 27 फेब्रुवारी 1828 रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. आज तिथे तट, बुरूज, दरवाजे आणि जोती एवढंच दिसतं, कारण दगडाचं होतं तेवढंच उरलं.

छपराच्या बाबतीत जुन्नर तालुका एकटाच दोन तऱ्हा दाखवतो. नाणेघाट आणि माळशेजच्या बाजूला पाऊस कोसळतो, तिथे उतरती छपरं. पूर्वेकडे सरकत बोरी-बेल्ह्याच्या बाजूला आलं की पाऊस झपाट्याने कमी होतो आणि मातीची सपाट धाबी परवडू लागतात. धाब्यावर धान्य वाळवायचं, पापड घालायचे, उन्हाळ्यात झोपायचं.

आत येण्याच्या पायऱ्या

वाड्याचं दर्शन बाहेरून फारसं होत नाही. रस्त्याकडे तोंड करून उभी असते ती उंच, जवळजवळ कोरी भिंत. तळमजल्याला खिडकी नाही, असलीच तर झरोका. याला कारणं होती. जुन्नर हे घाटावरच्या व्यापारी वाटेवरचं श्रीमंत ठाणं; नाणेघाटातून कोकणात उतरणारा माल सातवाहनांच्या काळापासून इथून जात असे. जिथे पैसा तिथे धाड. 1657 साली शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातलं जुन्नर लुटलं, ते या संपत्तीमुळेच. पुढच्या काळात फौजांची ये-जा, बंडाळी आणि दरोडे यांनी गावोगावच्या धनवंतांना उंच भिंतीचं महत्त्व शिकवलं. खुद्द शिवनेरीवर जाताना एकामागून एक सात दरवाजे लागतात आणि त्यातल्या एकाचं नावच परवानगीचा दरवाजा आहे. गावातला वाडा हीच पद्धत लहान प्रमाणात वापरतो.

दरवाजा भक्कम, दोन फळ्यांचा, लोखंडी पट्ट्या आणि खिळे मारलेला. तो रोज उघडत नसे. त्याच्या एका फळीत छोटी दिंडी असे आणि रोजची ये-जा तिथूनच होई. दिंडीचा उंबरा उंच आणि माथा बुटका. आत येणाऱ्याला पाय उचलावा लागे आणि त्याच वेळी मान झुकवावी लागे. शत्रू असला तर तो एकेकटा आणि डोकं पुढे करून आत येणार. मित्र असला तरी वाकूनच येणार. दरवाजामागचा अडसर म्हणजे भिंतीतल्या खोबणीत सरकणारा लाकडी ओंडका. दिवसा तो भिंतीच्या पोटात, रात्री दाराच्या पाठीशी.

दिंडीच्या आत देवडी. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर पहारेकरी. बऱ्याच वाड्यांत देवडीतून वाट सरळ चौकात न जाता वळण घेते, त्यामुळे दार उघडं असलं तरी रस्त्यावरच्याला आतलं काही दिसत नाही.

मग पहिला चौक आणि सदर. सदर म्हणजे वाड्याचं सार्वजनिक तोंड: चौकापेक्षा चार-पाच पायऱ्या उंच, समोरून उघडी, नक्षीच्या खांबांची आणि महिरपींची. बैठकीवर गाद्या, लोड, तक्के. इथे वसुली होई, निवाडे होत, कुळकर्णी मांडीवर कागद घेऊन मोडीत लिहीत बसे. माणूस कुठे थांबतो यावरून त्याचा मान ठरे. बरोबरीचा माणूस बैठकीवर, कामाचा माणूस पडवीत, कूळ पायरीखाली चौकात. आणि ज्यांना अस्पृश्य ठरवून समाजाने दूर ठेवलं होतं, ज्यांच्याकडून राखण आणि निरोप्याची कामं मात्र बिनदिक्कत करून घेतली जात, त्यांना बहुधा दिंडीच्या बाहेरच थांबावं लागे. सदरेची ती पायरी कितीही सुबक घडवलेली असली, तरी हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही.

सदरेच्या मागे दुसरा चौक. इथे परक्या पुरुषाचं काम नाही. तुळशीवृंदावन, भोवती ओसरी, त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी आणि बाळंतिणीची काळोखी खोली. घरच्या बायकांचा सारा दिवस या चौकाभोवती जाई. सदरेवर काय चाललं आहे ते त्यांना वरच्या मजल्यावरच्या झरोक्यांतून किंवा दाराआडून ऐकावं लागे. सोवळ्याचे नियम कडक असलेल्या घरांत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडण्याचा हक्क घरातल्याही सगळ्यांना नसे. त्याच्यामागे परसू: विहीर किंवा आड, गोठा, सरपण आणि मागचं दार. दळणकांडण, धुणंभांडी करणाऱ्या बायका या मागच्या दाराने येत. पुढच्या दाराने आलेला पाहुणा आणि मागच्या दाराने आलेली कामकरीण यांची गाठ पडण्याचं कारणच नसे.

चौक हा या सगळ्याचा प्राणवायू. बाहेरच्या भिंती बंद ठेवल्या तरी उजेड आणि वारा वरून येतो. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि सावलीतल्या ओसऱ्यांतली गार हवा खोल्यांत खेचली जाते. पागोळ्यांचं पाणी चौकात पडतं आणि दगडी पन्हळीतून बाहेर जातं. लहान वाड्याला एक चौक, बेताच्या वाड्याला दोन, आणि चौकांची संख्या वाढली की वाड्याचा दरारा वाढतो.

नानांची मेणवली

पूर्ण शाबूत वाडा पाहायचा तर वाईजवळच्या मेणवलीला जावं. नाना फडणवीस, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, यांना हे गाव 1768 साली इनाम मिळालं. कृष्णाकाठी त्यांनी बांधलेल्या वाड्याला सहा चौक आहेत. पुण्यात बसून हिंदुस्थानभरच्या दरबारांची खबर ठेवणाऱ्या या मुत्सद्द्याचं हे गावाकडचं घर. त्यांचे खाजगी कागद इथे राहिले आणि मेणवली दप्तर या नावाने पेशवाईच्या इतिहासाचं एक मोठं साधन झाले.

मेणवलीचं वैशिष्ट्य वाड्याच्या आणि नदीच्या नात्यात आहे. वाड्यापासून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारा रुंद दगडी घाट, काठाला मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन मंदिरं. नदीवर अंघोळ, देवदर्शन, परत वाडा, असा घराचा दिनक्रमच दगडात बांधलेला आहे. भिंतींवर मराठा शैलीतली चित्रं आहेत.

घाटावरच्या छोट्या घंटाघरात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची प्रतिमा आणि 1707 हे साल आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयातून आलेल्या घंटांपैकी ही एक. तशीच वसईची घंटा भीमाशंकरच्या देवळासमोरही आहे, आणि भीमाशंकरच्या शिखराचं श्रेयही नाना फडणवीसांनाच दिलं जातं. मंचर-घोडेगाववरून भीमाशंकरला जाणाऱ्या आंबेगावकरांना मेणवलीचा धनी असा आपल्या ओळखीचा निघतो.

काचेची भिंत आणि मागचा जिना

आता इंग्लंड. डर्बीशायर परगण्यात हार्डविक हॉल नावाची हवेली आहे. 1590 ते 1597 या काळात एलिझाबेथ नावाच्या धनाढ्य उमराव विधवेने ती बांधून घेतली; लोक तिला बेस ऑफ हार्डविक म्हणत. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा. मनोऱ्यांच्या माथ्यावर तिने आपली दगडी आद्याक्षरं लावली, ती कित्येक कोसांवरून दिसतात.

मराठी वाड्याची सवय झालेल्या डोळ्यांना हार्डविक बुचकळ्यात टाकतं, कारण त्याच्या बाहेरच्या भिंतीत दगडापेक्षा काच जास्त आहे. काच त्या काळी फार महाग. अंतर्गत लढाया थांबल्या होत्या, तटबंदीची गरज उरली नव्हती, आणि थंड, ढगाळ प्रदेशात सूर्यप्रकाश घरात घेणं हीच श्रीमंती होती. वाड्याने ऐश्वर्य चौकात लपवलं, हार्डविकने ते डोंगरमाथ्यावर उभं राहून दाखवलं.

पण आत शिरलं की ओळख पटते. तळमजल्यावर मोठं दालन आणि नोकरचाकरांची कामं, मधल्या मजल्यावर मालकिणीचं रोजचं राहणं, आणि सर्वांत वर, सर्वांत उंच छताच्या खोल्या मानाच्या पाहुण्यांसाठी. वर जाणारा दगडी जिना वळणं घेत, रेंगाळत चढतो. पाहुण्याचा दर्जा जितका मोठा, तितका तो वर पोचणार. मजला चढेल तशा खिडक्याही उंच होत जातात, म्हणजे घरातली उतरंड बाहेरूनच वाचता येते. वरच्या मजल्यावर एकशे साठ फुटांहून लांब गॅलरी आहे; पावसाळी दिवसांत घरची मंडळी तिथे येरझारा घालत.

बेसच्या आधीच्या पिढ्यांत इंग्रजी हवेलीचं केंद्र होतं मोठं दालन, जिथे धनी आणि चाकर एका छपराखाली जेवत. हळूहळू धनी वेगळ्या खोलीत गेले आणि दालन केवळ प्रवेशाची जागा झालं. सतराव्या शतकाच्या मध्यात रॉजर प्रॅटने बर्कशायरमध्ये कोल्सहिल हाउस बांधलं, तेव्हा त्याने मधून लांब बोळ काढला आणि दोन टोकांना चाकरांसाठी मागचे जिने दिले. नोकराने पाणी, कोळसा, मैलापाणी सगळं वाहायचं, पण पाहुण्याच्या नजरेला पडायचं नाही. ही युक्ती इतकी मानवली की पुढची दोन-अडीचशे वर्षं इंग्रजी हवेल्यांत ती रूढ झाली.

इथे दोन्ही परंपरांतला खरा फरक सापडतो. इंग्रजी घराने माणसांना भिंती, बोळ आणि जिने यांनी वेगळं केलं. वाड्याने तेच काम पायरी, उंबरा आणि रूढी यांच्याकडून करून घेतलं. वाड्यातला चाकर चौकात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वावरे, पण कोणत्या उंबऱ्यापाशी थांबायचं हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. हवेलीतल्या चाकराला कुठेही जाता येई, फक्त दिसता येत नसे.

मानाच्या पाहुण्याचा सोस तिकडे फार. चॅट्सवर्थ या हवेलीची पुनर्बांधणी 1687 पासून सुरू झाली, तेव्हा तिच्या धन्याने राजा तिसरा विल्यम आणि राणी मेरी मुक्कामाला येतील या अपेक्षेने एकापुढे एक अशा वैभवी खोल्यांची माळ तयार केली. राजाराणी कधीच आले नाहीत. पुढे अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउनसारख्या उद्यानकारांनी हवेलीभोवतीची टेकाडं, तळी, झाडांचे पुंजके असे मांडले की सगळा मुलूख निसर्गानेच सजवल्यासारखा वाटावा. कुरणातली गुरं हवेलीच्या हिरवळीवर येऊ नयेत म्हणून कुंपणाऐवजी खंदक खणत, दुरून तो दिसत नसे. हद्द तशीच राही, फक्त डोळ्यांआड होई.

गणेशखिंडीत आलेली विलायत

ही विलायती घरं पुढे समुद्र ओलांडून आली. डर्बीशायरमधल्या केडल्स्टन हॉलचा नमुना समोर ठेवून 1799 ते 1803 या काळात कलकत्त्याचं गव्हर्न्मेंट हाउस बांधलं गेलं. केडल्स्टन हे कर्झन घराण्याचं घर. त्यामुळे लॉर्ड कर्झन 1899 साली व्हाइसरॉय होऊन आले ते आपल्या वाडवडिलांच्या घराच्या प्रतिकृतीतच राहायला.

पुण्यात हा मान गणेशखिंडीला मिळाला. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवीत. त्यांच्यासाठी सर बार्टल फ्रियर यांनी 1864 साली नवं निवासस्थान बांधायला घेतलं. वास्तुकार जेम्स ट्रबशॉ. इमारत 1871 साली पुरी झाली. खर्च इतका फुगला की विलायतेच्या संसदेतही त्यावर टीका झाली. इटालियन धाटणीची ही लांबट इमारत, तिचा उंच चौकोनी मनोरा आणि कमानींच्या ओळी पाहून राणी व्हिक्टोरियाच्या ऑझबर्न हाउसची आठवण येते.

वाड्याशी तुलना करायला ही इमारत फार सोयीची आहे, कारण दगड दोन्हीकडे सह्याद्रीचाच. पण इथे मधला चौक नाही. उजेड आणि वारा बाहेरच्या खिडक्यांतून आणि व्हरांड्यांतून येतो, म्हणून इमारत लांब पसरली आहे. सदरेची जागा दरबार हॉलने आणि मेजवानीच्या दालनाने घेतली. दिंडीऐवजी गाडी थांबण्याचा कमानदार पोर्च. आणि उंच भिंतीचं काम केलं जमिनीने: शहरापासून काही मैल दूर, शेकडो एकर बागबगीच्यात, लांब रस्त्याच्या टोकाला हे घर ठेवलं. आत कुणाला यायला मिळेल ते आमंत्रणपत्रिका ठरवी.

22 जून 1897 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथे झाला. प्लेगच्या काळात पुणेकरांच्या घरांत घुसून केलेल्या झडत्यांमुळे वॉल्टर रँड या अधिकाऱ्याविषयी शहरात प्रचंड संताप होता. दामोदर चापेकर आणि त्यांचे भाऊ त्या प्रासादात शिरू शकत नव्हते. पण घराला जोडणाऱ्या लांब, अंधाऱ्या रस्त्यावर त्यांना दबा धरता येत होता. समारंभातून परतणाऱ्या रँडच्या आणि त्याच्या मागच्या बग्गीवर तिथे गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड 3 जुलैला. ज्याने प्लेगच्या नावाखाली पुण्यातल्या माजघरांपर्यंत सोजीर पाठवले, त्या अधिकाऱ्याला गाठलं ते गव्हर्नरच्या घराबाहेरच्या वाटेवर.

स्वातंत्र्यानंतर या घराच्या हद्दी मोडल्या. 10 फेब्रुवारी 1949 रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झालं, डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरांचा प्रासाद विद्यापीठाची मुख्य इमारत बनला. ज्या जिन्यांवर कधीकाळी निवडक पाहुणे चढत, त्या आवारात आता जुन्नर, घोडेगाव, मंचरहून आलेली शेतकऱ्यांची मुलं प्रवेशअर्ज घेऊन येतात. कुणी कुठवर यायचं या प्रश्नाचं उत्तर बदलण्याची ताकद त्याच भिंतींत, तेच छप्पर ठेवून, कशी येते याचं महाराष्ट्रातलं हे ठळक उदाहरण आहे.

पडझडीचा हिशेब

मोठं घर जमिनीच्या उत्पन्नावर उभं असतं. उत्पन्न गेलं की छप्पर गळू लागतं. इंग्लंडमध्ये 1894 साली वारसा मालमत्तेवर नवा कर आला, पहिल्या महायुद्धानंतर तो मोठ्या जहागिरींवर 40 टक्क्यांपर्यंत गेला, आणि विसाव्या शतकात शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. 1974 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसावरच प्रदर्शन भरवलं आणि लोकमत हललं. त्याआधी 1937 च्या कायद्याने नॅशनल ट्रस्टला हवेल्या ताब्यात घेण्याची वाट मोकळी झाली होती. हार्डविक हॉल 1959 पासून या ट्रस्टकडे आहे आणि सामान्य माणूस तिकीट काढून थेट वरच्या मजल्यापर्यंत जाऊ शकतो.

महाराष्ट्रात 1948 चा कूळकायदा, 1950 चा परगणा व कुळकर्णी वतनं रद्द करणारा कायदा आणि 1962 चा मुलकी पाटलांची पदं रद्द करणारा कायदा, यांनी वाड्यांचा जुना आधार काढून घेतला. कसणाऱ्याला जमीन मिळणं न्याय्यच होतं. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे अनेक वाडे जळाले. उरलेल्यांचं काय झालं ते कुठल्याही गावात दिसतं. चार भावांच्या चार वाटण्या, चौकाच्या मधोमध विटांची भिंत, सदरेवर पत्र्याचं शेड, मुंबईला गेलेल्या वारसदाराच्या कुलपाआड कुजणारा कडीपाट. आणि मग एके दिवशी लाकडाचा व्यापारी येतो. केळफुलाचे खांब आणि महिरपी हॉटेलांच्या आणि फार्महाउसच्या दिवाणखान्यांत जाऊन उभ्या राहतात. तिथे ते देखणे दिसतात खरे, पण तो खांब सदरेचा होता की माजघराचा, त्याच्या अलीकडे कोण थांबे आणि पलीकडे कोण जाई, हे सांगायला त्याच्याजवळ काही उरत नाही.

म्हणून वाड्याचा नकाशा जपणं हे नक्षी जपण्याइतकंच तातडीचं आहे. प्रत्येक वाडा दुरुस्त करण्याइतका पैसा कुठल्याच सरकारजवळ नाही, आणि प्रत्येक वारसदाराने गळक्या छपराखाली राहावं अशी अपेक्षा ठेवणंही रास्त नाही. पण पडण्याआधी प्रत्येक वाडा कागदावर उतरवता येईल. चौक किती, सदरेला पायऱ्या किती, दिंडीची उंची किती, विहिरीची वाट कुठून, बळदं कुठे, जिना कोणत्या भिंतीत. त्याबरोबर वाड्यात नांदलेल्या आजींना विचारायला हवं की लग्न होऊन आल्यावर सदरेवर पहिल्यांदा कधी पाऊल टाकलं. आणि ज्यांच्या आजोबांना दिंडीबाहेर थांबवलं गेलं, त्यांचीही आठवण त्याच वहीत यायला हवी, नाहीतर नकाशा अर्धाच राहील. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेला हे काम हाती घेता येईल; मोजपट्टी, वही आणि भूगोलाच्या शिक्षकांचे दोन शनिवार एवढ्या भांडवलावर ते सुरू होऊ शकतं.